अंबूबाईंची सोंगं

परभणीच्या जनाना क्लबात वर्षातून एकदा सोंगांची मेजवानी असायची, आणि त्या दिवशी आमच्या शाळेच्या मोठ्या बाई काजळानं मिशी रंगवून जायच्या. हे सांगितलं की लोक हसतात. हसावं. अंबूबाईंना हसणारी माणसं आवडायची. पण त्यांच्याइतकी निर्भय बाई मी नंतर पाहिली नाही, आणि नंतर तुरुंगाच्या दारात आणि सरहद्दीवरच्या छावण्यांत मी पुष्कळ शूर माणसं पाहिली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील पूर्णा स्टेशनात मालाचे कारकून होते. मनमाडकडून येणाऱ्या गाठोड्यांत कधी कधी निजामाच्या संस्थानात बंदी असलेली पत्रकं असायची. वडील ती घरी आणत, मी चुलीपुढे बसून मोठ्यानं वाची, आई भाकरी थापता थापता ऐके आणि वाचून झालं की कागद चुलीत जाई. त्यामुळे परभणीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा जुलूम, गुलामी, रूढी हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. जुलूम सोसलेलं माणूस मात्र मी जवळून पाहिलं नव्हतं. ते अंबूबाईंच्या रूपानं पाहिलं, आणि ते माणूस तपकीर ओढत होतं.

बाई ठेंगण्या होत्या, रुंद होत्या आणि त्यांचा आवाज शाळेच्या भिंतीपलीकडल्या टांग्याच्या अड्ड्यापर्यंत जाई. पांढरं लुगडं, पदर डोक्यावरून कानामागे घट्ट खोचलेला, पायात पुरुषी पंपशू आणि थंडीच्या दिवसांतही बगलेत काळी छत्री. विधवा बाईनं जोडा घालायचा नाही, छत्री घ्यायची नाही, असं आमच्याकडे तेव्हा मानत. कुणी तसं सुचवलं की बाई छत्री उघडत. मग सुचवणाऱ्याला दोन पावलं मागे सरावं लागे, नाहीतर काडी डोळ्यात जाई.

सकाळी शाळा भरायच्या आधी त्या पायरीवर बसत. येणाऱ्या प्रत्येक मुलीला एक प्रश्न असे. “काल संध्याकाळी काय जेवलीस?” कुणी ‘काही नाही’ म्हटलं तर दप्तराआधी तिच्या हातात भाकरीचा तुकडा येई. कुणी ‘पुरणपोळी’ म्हटलं तर बाई म्हणत, “मग एकटीच खाल्लीस कामून? बस, आता नवाचा पाढा म्हण, शिक्षा आहे.” शिक्षण खात्याचे मोहतमीम तपासणीला आले की सगळ्या शिक्षिका पदर सावरत भिंतीला लागून उभ्या राहत. बाई त्यांच्याशी अशी अस्सल दखनी उर्दू बोलत की मोहतमीमसाहेब तपासणी विसरून आपल्या आईच्या आजारपणाबद्दल सांगू लागत.

माझं आणि त्यांचं पहिल्या आठवड्यातच वाजलं. मी मुलींना कवायतीच्या वेळी सामाजिक विषमतेवर दोन शब्द सांगत होते. ते अर्धा तास चालले. बाईंनी मला बोलावलं.

“विमल, पोरी उन्हात उभ्या आहेत.”

“बाई, या पोरींना जागं करायला नको का?”

“जाग्याच आहेत त्या. पाय पोळायलेत त्यांचे. सावलीत घे आणि मग जाग्या कर.”

आता सोंगांच्या मेजवानीबद्दल सांगते. निजामाच्या सालगिरहीच्या, म्हणजे वाढदिवसाच्या दिवसांत जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारांची, म्हणजे कलेक्टरांची बेगम ती भरवायची. बेगमसाहेबा हैदराबादच्या. परभणीत त्यांचा जीव रमत नसे. त्यांनी शहरातल्या मोठ्या घरांतली ही चाल इथं आणली. क्लबाच्या बागेत कनाती लावून चारी बाजूंनी पडदा करायचा, आत फक्त बायका. अंमलदारांच्या बायका, वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या, आणि सरकारी नोकरीत म्हणून आम्ही शिक्षिका. प्रत्येकीनं काहीतरी सोंग घेऊन यायचं. बेगमसाहेबांचा एक नियम होता. जी ज्या सोंगात आली तिच्याशी त्याच सोंगासारखं वागायचं. देवी आली तर नमस्कार करायचा, भिकारीण आली तर भीक घालायची. कुणाच्या तोंडून चुकून खरं नाव गेलं तर तिनं सगळ्यांपुढे गाणं म्हणायचं.

बायका काय होऊन येत? राणी, गवळण, माळीण, परी. म्हणजे घरी जे कपाटात ठेवलेलं असे तेच थोडं जास्त अंगावर घालून येत. अंबूबाईंसारख्या विधवेनं तर अशा ठिकाणी मागच्या खुर्चीवर बसून सरबत प्यावं आणि लवकर जावं, एवढीच अपेक्षा. हळदीकुंकवाला ज्यांना कुणी बोलावत नसे, त्यांना सरकारी हुकमानं मेजवानीला यावं लागे, ही एक गंमतच होती.

बाईंनी पहिल्याच वर्षी अमीनसाहेबाचं सोंग घेतलं. अमीन म्हणजे आमचा पोलीस अधिकारी. शेरवानी उर्दूच्या शिक्षिकेच्या नवऱ्याची, रुमी टोपी तिच्या सासऱ्याची, वेताची छडी शाळेची. कनातीतून आत येऊन त्यांनी गर्जना केली, “इतना जेवर! परवाना कहाँ है?” आणि दागिन्यांनी मढलेल्या बायकांना एकेक करून ‘अटक’ करून झाडाखाली उभं केलं. बेगमसाहेबांच्या नाकातून सरबत आलं. एका अंमलदाराच्या बायकोनं तर लाच म्हणून पान पुढे केलं. बाईंनी ते खाल्लं आणि तिला सोडून दिलं. तेव्हा सगळ्यांत जास्त हसली ती खऱ्या अमीनाची बायको.

“घरी हे सांगू नका,” ती डोळे पुसत म्हणाली, “पण हुबेहूब आहेत.”

त्यानंतरच्या वर्षी बाई वेठीच्या माणसाचं सोंग घेऊन आल्या. अंमलदार दौऱ्यावर निघाले की त्यांचं सामान गावोगाव फुकट वाहायला गोरगरीब माणसं धरून आणत, ती वेठ. फाटकं धोतर, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हे मोठं गाठोडं. बाई प्रत्येक अंमलदारणीपुढे उभ्या राहत आणि विचारत, “सरकार, कुठं उतरवू?” नियमाप्रमाणे वेठीवाल्याला खुर्ची कशी द्यायची? पाणी कशात द्यायचं? शेवटपर्यंत त्या चपलांजवळ बसून राहिल्या. कुणी फारसं हसलं नाही. मला मात्र आनंद आवरेना. पण माझी तत्त्वं मला गप्प बसू देईनात. परतताना मी म्हणाले, “बाई, वेठीचं सोंग आणि वेठ यांत फरक आहे. तुम्ही गाठोडं उतरवून घरी निघालात. त्याला उतरवता येत नाही.”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या. चार पावलं चालल्या. “आणि तुझ्या पत्रकात आणि वेठीत किती फरक आहे?”

त्याच पुढे म्हणाल्या, “सोंगाचा एक फायदा आहे, विमल. खऱ्या तोंडानं बोललं की माणसं कान झाकतात. सोंग बोलायला लागलं की बघत बसतात. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून घ्यावं.”

मी स्वतः कधी सोंग घेतलं नाही. निजामाच्या वाढदिवसाला नटणं मला गुलामीचं वाटे. मी सरबत वाटायचं काम मागून घेई. बाई म्हणत, “तुझं एक बरं आहे. बारा महिने एकाच सोंगात असतीस, चिडलेल्या माणसाच्या.”

तिसरं सोंग सांगायचं तर आधी दुर्गीचं सांगायला हवं.

दुर्गी शहरातल्या एका नावाजलेल्या वकिलांची धाकटी मुलगी. तिची आई माईसाहेब. या माईसाहेबांनीच घरोघर फिरून, “आमची दुर्गी जाते, तुमची का नाही?” असं म्हणत आमच्या शाळेत निम्म्या मुली आणल्या होत्या. अंबूबाईंना अहो-जाहो न करणारी शहरात ती एकच बाई. दोघी भांडत, एकमेकींच्या लोणच्याला नावं ठेवत आणि पुन्हा बरण्या पाठवत. दुर्गी लहानपणीच चारठाण्याच्या एका घरात दिलेली होती. ती तिसरीची परीक्षा देऊन बसली होती आणि निकाल लागायचा होता, तेव्हा चारठाण्याहून गडी आला. तिचा नवरा तापानं गेला होता. नवरा म्हणजे तिच्याहून थोडा मोठा मुलगा. तिला त्याचा चेहराही नीट आठवत नव्हता.

दुर्गीची शाळा बंद झाली. कपाळ पुसलं गेलं. सासरची माणसं निरोपावर निरोप धाडू लागली की मुलीला गंगाखेडला न्या आणि गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, केस उतरवून घ्या, नाहीतर आमच्या घराण्याला बट्टा. वकीलसाहेब सुधारणेवर सुंदर बोलत. मी त्यांना ऐकलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. या वेळी ते म्हणाले, “समाज हळूहळू बदलतो. मी एकटा काय करू?” थोरल्या मुलाची सोयरीक ठरत आली होती, तीही मोडेल म्हणून घरात भीती. गंगाखेडला जायचा दिवस ठरला. सालगिरहीच्या मेजवानीनंतर लगेच.

अंबूबाई माईसाहेबांकडे जाऊन आल्या. एकदा गेल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या वेळी माईसाहेबांनी आतूनच निरोप दिला की डोकं दुखतंय.

मी संतापले होते. “बाई, असल्या राक्षशिणीच्या दारात जाऊ नका. मी पत्रक लिहिते. नाव घालून लिहिते.”

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लेखणी खाली ठेवली.

“माझ्या वेळेला माझी डोई वडलांनी धरली होती,” त्या म्हणाल्या. “गंगाखेडलाच. न्हाव्याला ते म्हणायलेत, सावकाश रे, लेकरू आहे. आणि रडायलेत. रडायलेत पण धरून आहेत. इतका जीव लावणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. तेव्हा राक्षस करतात हे, असं मला सांगू नको. माई वाईट नाही. माई भ्यायली आहे. लोकांची जेवढी भीती आहे त्याच्याहून जास्त भीती तिला दुसऱ्या कशाची तरी वाटली पाहिजे. एवढंच करायचं आहे.”

मेजवानीच्या दिवशी दुपारी बाईंनी मला रामजी न्हाव्याकडे धाडलं. धोकटी आणून दे म्हणाल्या. धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी. रामजी पिंपळाखाली बसला होता. मी येण्याचं कारण सांगितलं, तसा तो हसला आणि मग हसायचा थांबला.

“मोठ्या बाईला सांगा, धोकटी न्या, वाटी न्या. वस्तरा मातर देत न्हाई.” त्यानं वस्तरा काढून आपल्या मांडीखाली ठेवला. “वकिलाच्या घरचा सांगावा मलाच हाय गंगाखेडचा. तसल्या कामाला बोलावतेत, जावंच लागतंय. पर घरी आल्यावर भाकर गोड लागत न्हाई, ताई.”

शाळेच्या मागच्या खोलीत मी बाईंना मुंडासं बांधायला बसले. त्यांनी पदर खाली घेतला आणि मी पाहतच राहिले. इतकी वर्षं सगळं परभणी समजत होतं की त्या पदराखाली काही नाही. तिथं खांद्यापर्यंत केस होते, दाट, कानाजवळ पांढरे, तेल लावून नीट विंचरलेले.

“बाई!”

“वडील गेले आणि ठेवले,” त्या म्हणाल्या. “ते असेपर्यंत त्यांना वाईट वाटलं असतं. ओढून बांध, सैल नको.”

असरची अजान होऊन गेली होती. ऊन कलतं होतं. कनातीच्या आत खुर्च्या मांडलेल्या, गुलाबपाणी शिंपडलेलं. मुन्सफांची, म्हणजे न्यायाधीशांची बायको माळीण झाली होती. कुणी मडम, कुणी जोगीण. माईसाहेब राणी होऊन आल्या होत्या, हिरवा शालू आणि डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. त्यांना यावंच लागलं असणार, वकिलाच्या बायकोला बेगमचं बोलावणं मोडता येत नसे. पण डोळे सुजलेले होते. आणि बेगमसाहेबांनी त्या वर्षी मराठीण व्हायचं ठरवलं होतं. नऊवारी नेसून त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या होत्या. “टीका रह गया!” म्हणत त्यांनी कपाळ पुढे केलं. माईसाहेबांनी करंड्यातलं कुंकू घेऊन त्यांना आपल्या हातानं लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरबताचं ताट धरून मी पाहत होते. गमतीत एका मुसलमान बाईच्या कपाळावर कुंकू शोभलं, याचं मला काही वाईट वाटलं नाही. उलट छान दिसत होतं. पण ज्या बोटानं ते लावलं, त्याच बोटानं काही दिवसांपूर्वी पोटच्या पोरीचं पुसलं होतं.

“न्हावी आलाय, सरकार!”

कनातीच्या तोंडाशी बाई उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत धोतर, बंडी, मुंडासं, काजळाची झुबकेदार मिशी, काखेत धोकटी. हशा उसळला. बेगमसाहेबा म्हणाल्या, “आओ हज्जाम, आओ!”

माळीण झालेल्या मुन्सफांच्या बायकोनं लगेच टोला मारला, “बाबा, वाट चुकलास! इथं सगळ्या बायकाच. दाढ्या कुणाच्या करशील?”

“बायकांचीबी कामं असतेत आमाला, माळीणबाई,” बाई रामजीच्या आवाजात म्हणाल्या. “नवरा गेला की बोलवतेत.”

निम्मा हशा तिथंच विझला. उरलेला निम्मा अंमलदारांच्या बायकांचा होता. त्यांना मराठी पुरतं कळत नव्हतं, त्या हसत राहिल्या. बाई थेट राणीपुढे गेल्या, मातीत उकिडव्या बसल्या, धोकटी उलगडली, वाटी मांडली आणि सरबताच्या घड्याशेजारचं पाणी वाटीत ओतलं.

“राणीसरकार, तुमच्या वाड्यावरचा सांगावा हाय. पोरीला गंगाखेडला न्यायचं म्हने. इतकं दूर कशाला? हितंच उरकतो. बोलवा पोरीला.”

माईसाहेबांच्या ओठांवर हसण्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं, ते तसंच राहिलं.

“पोरगी आणली न्हाई? बरं. मग राणीसरकार, तुमीच बसा घडीभर. हात बसवून घेतो.”

आणि बाई उठल्या. वाटीत पंजा बुडवला आणि कागदी मुकुटाच्या मागे, भरल्या अंबाड्यावर, माईसाहेबांच्या डोक्यावर तो ओला पंजा ठेवला. सवाष्णीच्या डोक्याला विधवेचा हात. कुणीतरी “अगंबाई” म्हणालं. पाणी मानेवरून ओघळून शालूच्या आत उतरलं. माईसाहेब शहारल्या, ते मला माझ्या जागेवरून दिसलं.

“पाणी लय गार न्हाई,” बाई हळू बोलत होत्या, पण तिथं इतकं शांत होतं की प्रत्येक शब्द ऐकू येत होता. “लेकरू हलतं हो. हललं की कापतंय. डोई घट्ट धराया लागती. दुसऱ्या कुणी धरली तर लेकरू धडपडतं. आईनं धरली की गप बसतं. आईचा हात हाय म्हनून.”

“अंबू!” माईसाहेब ओरडल्या. “अंबू, पुरे गं!”

बेगमसाहेबा आनंदानं उठून उभ्या राहिल्या. “नाम लिया! रानी ने नाम लिया! गाना, गाना!” आणि काहीच न कळलेल्या त्या भाबड्या बायका टाळ्यांवर ताल धरून म्हणू लागल्या, “गाना! गाना!” माईसाहेब उभ्या राहिल्या. नियमाची सवय इतकी होती की त्यांचं तोंड उघडलं, खरंच आता गातात की काय असं वाटलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मुकुट खाली पडला. त्या तशाच ओल्या मानेनं कनातीबाहेर गेल्या.

अंबूबाईंनी वाटी उपडी केली, धोकटी गुंडाळली. त्यांची मिशी घामानं पसरली होती.

मुन्सफांच्या बायकोनं बेगमसाहेबांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. “बच्ची ने क्या किया?” त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. मग त्यांनी बाईंना जवळ बोलावलं. म्हणाल्या, साहेबांना सांगून आजच हुकूम काढवते, वकील काय करतो बघू.

मला वाटलं, काम झालं. बाईंनी हात जोडले आणि उर्दूतच सांगितलं.

“नको बेगमसाहेबा. हुकूम निघाला तर पोरीचे केस राहतील, पण घराचं दार बंद होईल. आणि उद्या हेच लोक म्हणतील, आमच्या धर्मात सरकार घुसलं. मग एका पोरीसाठी दहा पोरींच्या डोया उतरतील. हे भांडण आमच्या घरातलं आहे. आमालाच भांडू द्या.”

टांग्यात बाई तपकिरीची डबी शोधत होत्या. डबी दोनदा हातातून पडली. “उगी माईच्या डोक्याला हात लावला,” त्या म्हणाल्या. “भ्यायली पोर. पुन्हा लोणचं पाठवणार नाही ती.”

पुढचं मला दुर्गीनंच नंतर सांगितलं. आई घरी आली ती राणीच्या वेषातच ओटीवर बसली. केस पुसले नाहीत, कुणाला पुसू दिले नाहीत. वकीलसाहेब कोर्टातून आल्यावर म्हणाली, “पोरीला मी नेणार नाही. तुमाला न्यायची असेल तर तुमी न्या. आणि डोई तुमी धरा.” वकीलसाहेब खूप बोलले. सासरचा मान, थोरल्याची सोयरीक, लोक. शेवटी म्हणाले, “हे काम बायकांचं असतं.” माईसाहेब म्हणाल्या, “मग बाईनं नाही म्हटलं.” ठरलेल्या दिवशी गाडी दारात जुंपून उभी होती. दुपारपर्यंत उभी राहिली आणि बैल सोडले. वकीलसाहेब काही तिला घेऊन गेले नाहीत. त्यांना ते जमलं नसतं. सुधारणेवर बोलणाऱ्यांचा मला एरवी राग आहे, पण त्या दिवशी त्यांच्या दुबळेपणानंच एक मुलगी वाचली, हे मी कबूल करते.

थोरल्याची सोयरीक मोडली. चारठाण्याशी संबंध तुटला. माईसाहेबांना पुढे कितीतरी दिवस कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, नवरा जिवंत असताना. म्हणजे किंमत होतीच, आणि ती त्यांनी दिली. अंबूबाईंच्या घरी त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

बाईंनाही ती द्यावी लागली. शहरातल्या प्रतिष्ठितांनी अर्ज केला की सरकारी मुख्याध्यापिका धर्माची थट्टा करते. बेगमसाहेबा तोवर नवऱ्याच्या बदलीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या. बाईंची बदली चुडाव्याला झाली. तिथं मुलींची शाळाच नव्हती. मुलांच्या शाळेत एक कोपरा देऊ, मुली मिळाल्या तर शिकवा, असा तो हुकूम. मी म्हणाले, हा अपमान आहे, राजीनामा द्या, मीही देते.

“आणि मग चुडाव्याच्या पोरी कुणी शिकवायच्या?” बाई म्हणाल्या. “तू इथं राहा आणि काम कर. पत्रक लिहायचं तर रात्री लिही.”

परभणी स्टेशनात त्यांना पोचवायला आम्ही शिक्षिका होतो, काही मुली होत्या. एक वळकटी, एक ट्रंक आणि छत्री. बाई डब्यात चढून खिडकीशी बसल्या होत्या आणि समोरच्या म्हाताऱ्याशी त्याच्या गुडघ्याबद्दल बोलायला सुरुवातही झाली होती. गार्डनं शिट्टी दिली, तेव्हा फलाटाच्या दारातून दुर्गी धावत आली. बाहेर पडदे लावलेली धमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, उभी होती. आतून कुणी उतरलं नाही.

दुर्गीच्या पाठीवर दोन वेण्या उडत होत्या. खांद्याला दप्तर होतं. आम्ही सगळ्याच रडायला लागलो. बाई नाही रडल्या. त्यांनी खिडकीतून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“शाळेत घातलं तुला?”

“हो. आजपासून. आईनं स्वतः आणून सोडलं.”

“कोणत्या वर्गात बसवलं?”

“तिसरीत.”

“तिसरीत?” बाईंचा आवाज इंजिनाच्या वर चढला. “तिसरी पास झालीस ना तू? गणितात पहिली आलेली! पुन्हा तिसरीत कामून?”

“गैरहजेरी झाली म्हणून...”

गाडी हलली. दुर्गी बरोबर धावू लागली, मीही धावले. बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. पदर खांद्यावर घसरला होता, वाऱ्यानं केस तोंडावर येत होते, आणि फलाटावरचं सगळं परभणी ते पाहत होतं. त्यांना त्याचं काही नव्हतं.

“विमल! चौथीत बसव तिला! उद्याच्या उद्या! ऐकायलीस का?”

“हो बाई!”

वाफेच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. माझा ‘हो’ त्यांना पोचला नसावा, कारण गाडी सिग्नल ओलांडून वळेपर्यंत खिडकीबाहेर त्यांचा हात होता आणि हाताची चार बोटं ताठ उभी होती.